अकरावं पान

तोंडवली,
मंगळवार, २१ एप्रिल

प्रिय अपेक्षा,

परवापासून तुझे चार फोन येऊन गेले आणि चारही मी वाजू दिले. फोनवर तू मध्येच हसतेस, 'जाऊ दी गो' म्हणतेस, आणि मला तेवढंच ऐकायचं असतं म्हणून मी तिथेच थांबते. या वेळी तिथे थांबून चालणार नाही. हे पत्र उद्या सकाळी स्पीड पोस्टाने टाकते, म्हणजे शुक्रवारी पुण्यात तुझ्या हातात पडेल. शनिवारी तू गाडीत बसशील. रविवारी सकाळी निलेश, तुझा भाऊ म्हणून, तुझ्या सासरच्या मंडळींना घेऊन बाप्तिस्तांचं घर बघायला येणार आहे, आणि तिथे जेवणघराच्या भिंतीवर त्यांना तुझ्या आईचा फोटो दिसणार आहे. तो तिथे कसा आला हे त्यांच्याआधी तुला कळायला हवं. कृपा करून शेवटपर्यंत वाच.

तू दोन वर्षांपूर्वी आली होतीस तेव्हा आपण त्या घराच्या मागच्या पायऱ्यांवर बसून बोरं खाल्ली होती. आता तिथे दोरी लावली आहे. बाप्तिस्तांपैकी इथे कोणी राहत नाही. त्यांचा पुतण्या सिडनी सगळं बघतो. आत म्युझियम आणि बाहेर माडांखालची मोकळी जागा लग्नांना. मी गाइड आहे, वस्तूंखालच्या पाट्या लिहिते, अभिप्रायाची वही सांभाळते आणि लग्न असलं की पाहुण्यांची व्यवस्था बघते. लोक येतात आणि मोठा पलंग बघून आधी विचारतात, इथे कोण मेलं. पालखीसारख्या जुन्या मंचिलीत बसू का विचारतात, नाही म्हटलं की माझी पाठ वळायची वाट बघतात. बायका रगड्यापाशी थांबतात, पुरुष मान वर करून वाशांचं लाकूड ओळखत बसतात. वहीत लिहितात, 'इतिहास भरपूर, पंखे कमी.' तू मला ओळखतेस. मी प्रत्येक ओळ वाचते. 'गाइड घाईत बोलते' असं एकाने लिहिलं तर मी पुढचे आठ दिवस इतकी सावकाश बोलत होते की सिडनीने विचारलं, बरं नाही का.

माझी ही सवय कुठून आली तेही तुला ठाऊक आहे. हृदय नाजूक म्हणून चौथीपर्यंत मला शाळेत धाडलं नाही, आग्नेस आंटीने घरीच शिकवलं. तिच्या शाळेत खोडरबर नव्हतं. चुकलं की एक सरळ रेघ मारायची आणि खाली बरोबर लिहायचं. चूक खालून वाचता आली पाहिजे असं ती म्हणायची. मग पाचवीत मी खऱ्या शाळेत आले तेव्हा मला बाकावर कुणाच्या शेजारी बसायचं तेही समजेना, आणि तू तुझं दप्तर उचलून मांडीवर घेतलंस. तिसऱ्या दिवसापासून तुझ्या डब्याला एक खालचा डबा वाढला. वरचा तुझा, खालचा माझा. घावणे आणि ओल्या खोबऱ्याची चटणी. सहा वर्षं तुझ्या आईने, माझ्या मथुरामावशीने, तो डबा भरला आणि एकदाही माझ्या आईला ते जाणवू दिलं नाही. हे तू विसरली नाहीस. मी विसरले होते का, हेच मी सध्या शोधते आहे.

जानेवारीत आमच्याकडे एक मोठं लग्न होतं. माणसं मूळ इथलीच, तीन पिढ्यांपूर्वी परदेशी गेलेली. नवऱ्याच्या आजीची इच्छा होती की लग्नाच्या आदल्या दिवशी जुन्या पद्धतीने जेवण घालावं. आमच्यात त्याला भिकाऱ्यांचं जेवण म्हणतात. गावातली म्हातारी, गरीब माणसं बोलावायची, घरच्या कर्त्याने त्यांच्या हातांवर पाणी घालायचं, स्वतःच्या हाताने वाढायचं, आणि ती जेवल्याशिवाय घरातल्या कोणी घास घ्यायचा नाही. त्या दिवशी ती माणसं म्हणजे आपले मेलेले वाडवडील असतात. आमच्या डायलनच्या लग्नात पपांनी असंच वाढलं होतं आणि वाढताना ते रडत होते. त्यामुळे हा शब्द आमच्या कानाला टोचत नाही. वापरून वापरून त्याची धार गेली आहे. पण ती फक्त आमच्यासाठी गेली आहे.

आजीने अकरा माणसं सांगितली होती. मी आमच्या वाड्यावरची अकरा जमवली, प्रत्येकाच्या घरी जाऊन, कशासाठी ते सांगून. त्यांना सगळ्यांना ते माहीत होतं, मान वाटत होता. त्या दिवशी सकाळी पावलू आजाला ताप भरला. साडेअकरा वाजले होते, दहा पानं भरलेली आणि अकराव्यापुढे कोणी नाही, कॅमेरेवाले तयार, आजी खुर्चीत ताठ बसून पानं मोजत होती. आणि फाटकातून तुझी आई आत आली. हातात पिशवी, पिशवीत माझ्या आईसाठी कुळीथ आणि दोन कोहळे. एसटीने आचऱ्याला चालली होती, वाटेत उतरली होती. मी धावत गेले आणि म्हटलं, मावशी, आज आमच्याकडे जेवण आसा, चल, जेवक बस. ती म्हणाली, अशी कशी बसू, साडी बघ माजी. पण तिला आनंद झाला होता. तिने नळावर पाय धुतले, पदर सारखा केला, अबोलीचं एक फूल तोडून अंबाड्यात खोवलं आणि अकराव्या पानावर बसली. जेवणाचं नाव काय ते मी तिला सांगितलं नाही. तिने विचारलं नाही.

नवऱ्याच्या वडिलांनी तिच्या हातांवर पाणी घातलं. सोमवार होता, म्हणून तिने मासळीला हात लावला नाही. भात, डाळ आणि चण्याच्या डाळीचं नारळाच्या रसातलं गोड तेवढं खाल्लं. ते गोड तिला फार आवडलं. तो माणूस पुन्हा वाढायला वाकला तेव्हा ती लाजून हसली, पुढचा पडलेला दात दिसेल म्हणून तोंडावर हात नेला, आणि हात पोचायच्या आधीच फोटो निघाला.

तेव्हापासून तीन महिने तुझी आई त्या जेवणाबद्दल सांगते आहे. तुलाही तिने सांगितलं असेलच. तुमच्या वाडीत सुशीलाकाकीला, पोस्टमनला, गिरणीत दळण टाकायला आलेल्यांना. येवढो मोठो माणूस, आनि माज्या हातार पाणी घातल्यान. भेटली की मला विचारते, परत कदी बोलवतत गो? मी म्हणते, बघू. तुझे बाबा, महादूकाका, गेल्यापासून तिला कोणी बसवून वाढलं नव्हतं हे माझ्या लक्षात आलं, आणि मी ते माझ्या बाजूला धरलं. तिला सुख झालं ना, मग झालं. असं मी जानेवारी आणि अर्धा फेब्रुवारी स्वतःला समजावत होते.

मग पाटी आली. सिडनीने ठरवलं की त्या जेवणाला पाहुण्यांचा इतका प्रतिसाद आहे तर जेवणघरात त्याचा फोटो मोठा करून लावायचा. पाटी मुंबईत कोणीतरी तयार केली. वर आपल्या प्रथेची माहिती, ती माझी, शब्दन् शब्द बरोबर. मधे तुझ्या आईचा तो फोटो, दाराएवढा. आणि खाली एक ओळ, ती माझी नाही: 'लग्नघरच्या जेवणाने तृप्त झालेली एक भिकारीण.'

सिडनीला मी सांगितलं की हे बदलायला हवं. तो वाईट माणूस नाही. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, आपल्यात हा मान असतो हे तूच मला समजावलंस, मग आता लाज कसली? ती हसते आहे फोटोत, कोणी तिला हिणवत नाही, आणि घरावरची कौलं काय आपोआप बदलणार आहेत? मी त्याला हे सांगितलं नाही की ती कोण आहे. सांगितलं असतं तर ती तिथे कशी बसली तेही सांगावं लागलं असतं.

आता वहीत लोक काय लिहितात ते सांगते. तू ते दुसऱ्या कुणाकडून ऐकण्यापेक्षा बरं. एका बाईंनी लिहिलं, 'घर सुंदर. पण मनात राहिला तो भिकारणीचा चेहरा.' एका जोडप्याने लिहिलं, 'तिच्या डोळ्यांतली भूक विसरता येत नाही.' भूक, अपेक्षा. ज्या बाईच्या घरून सहा वर्षं माझा डबा आला तिच्या डोळ्यांत. मी रोज पाच वेळा माणसांचा घोळका घेऊन त्या पाटीसमोर उभी राहते आणि प्रथेची माहिती सांगते. फोटोकडे पाठ करून सांगते. एकदा एका मुलीने विचारलं, या आजींचं नाव काय? मी म्हटलं, माहीत नाही. म्हटलं मी तसं. तोंडातून आलं.

आणि आणखी एक आहे, जे सिडनीलाही ठाऊक नाही कारण तो विसरला आहे. ती पाटी छापायच्या आधी माझ्याकडे तपासायला आली होती. मोबाईलवर. मी तीन चुका काढल्या, दोन ऱ्हस्वदीर्घाच्या आणि एक अनुस्वाराची. खालची ओळ मी वाचली होती. मी ती दोनदा वाचली. मग 'ठीक आहे' असं लिहून पाठवलं. 'भिकारीण' हा शब्द खोडायचा तर कारण द्यावं लागलं असतं, आणि तेव्हा अजून कोणालाच काही माहीत नव्हतं. आग्नेस आंटी म्हणायची की विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही, हे पाप वेगळ्या रांगेत उभं राहत नाही. ते खोटं बोलण्याच्याच रांगेत असतं.

मागच्या आठवड्यात दोन गोष्टी एकदम आल्या. मे महिन्यात दर रविवारी पर्यटकांसाठी हे जेवण ठेवायचं सिडनीने ठरवलं आणि मला म्हणाला, ती फोटोतली म्हातारी मिळाली तर बघ, लोक तिला ओळखतील. आणि निलेशचा फोन आला. किती खुशीत होता. पाव्हणे रविवारी येतत, तुज्या म्युझियमात आणतंय, नीट दाखव हां. मी हो म्हटलं.

शनिवारी मी सुट्टी टाकली आणि तुमच्याकडे गेले. मावशी खळ्यात काजीच्या बिया वाळत घालत होती. मला बघून तिचं तोंड फुललं, म्हणाली, बोलवल्यानी मगे? आणि उत्तराची वाट न बघता आत साडी काढायला निघाली. त्या दिवशीची साडी तिने वेगळी घडी घालून ठेवली आहे, अपेक्षा. मी तिला उंबरठ्यातच थांबवलं आणि सगळं एका दमात सांगितलं. जेवणाचं नाव. आमच्यात त्याचा अर्थ काय, तेही. पाटीवर काय लिहिलंय ते. मी ते वाचून 'ठीक आहे' म्हटलं होतं ते. ती पुन्हा खळ्यात येऊन बसली आणि माझं संपेपर्यंत बिया हाताने पसरत राहिली. पसरलेल्या बिया पुन्हा गोळा करायची आणि पुन्हा पसरायची. मग उठली आणि आत गेली.

मला वाटलं, आता निघावं. चपला घालत होते तेव्हा तिने आतून हाक मारली. पडवीत पाट मांडला होता आणि समोर केळीचं पान. तिने तांब्या आणून माझ्या हातांवर पाणी घातलं. भात वाढला, कुळथाची पिठी, सुक्या सुंगटांची किसमूर. तुमच्या घरी मी कधी एकटी जेवले नाही, नेहमी तू असायचीस, ती असायची, निलेश माझ्या पानातलं पळवायचा. त्या दिवशी ती बसली नाही. खांबाला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, जेव. मी जेवले. तिने दोनदा भात वाढला, मी नको म्हटलं नाही. पान संपलं तेव्हा ती बोलली.

"मी वाढलंय, तू जेवलंस. आता तुका काय म्हणूचा?"

मला उत्तर ठाऊक होतं. मला म्हणायचं होतं, मावशी, मला तुझी लेक म्हण, पूर्वी म्हणायचीस तशी. पण ते मागण्याचं तोंड मला नव्हतं. मी मान खाली घालून उष्ट्या हाताने बसून राहिले, हात सुकेपर्यंत. मग ती समोर बसली आणि फोटो दाखव म्हणाली. मोबाईल लांब धरून, जवळ धरून बराच वेळ बघितला. दात पडलेलो दिसता, म्हणाली. मी म्हटलं, मी पाटी काढायला लावते, नाहीच ऐकलं तर मीच उतरवते, नोकरी गेली तरी. तिने मान हलवली.

"काडू नको. फोटो बरो इलोहा. खाली लिवलेला तेवढा बदल. मी सांगतंय, तू लिव."

माझ्याकडे घराचं माहितीपत्रक होतं, त्याच्या मागे मी लिहिलं. तिने आधी नाव सांगितलं, पूर्ण, नवऱ्याच्या नावासकट. मग गाव. मग थोडं थांबून पुढचं. सांगून झाल्यावर म्हणाली, वाच. मी वाचलं: 'मथुरा महादू परब, मसुरे. हिका न सांगता बसवल्यानी. जेवण बरा होता.' तिने मला तिथेच अडवलं.

"बसवल्यानी? कोणी? नाव घाल."

मी 'बसवल्यानी' वर एक रेघ मारली आणि खाली माझं नाव घालून 'प्रिन्सीन बसवल्यान' असं लिहिलं. पुन्हा वाचून दाखवलं. आता बराबर, म्हणाली. निघताना तिने पिशवीत आईसाठी काजीच्या ओल्या बिया घातल्या, दर वर्षी घालते तशाच. माझ्याकडे बघितलं नाही.

काल मी सिडनीला सगळं सांगितलं, ती कोण आहे तेही. तो म्हणाला की नाव घालायला माझी ना नाही, पण दुसरं वाक्य लावलंस तर तुझ्यासाठी इथे जागा नाही. मी ती ओळ मोठ्या अक्षरांत, जाड कागदावर लिहून तयार ठेवली आहे. रविवारी दार नऊला उघडतं. चावी माझ्याकडे असते. जुन्या ओळीवर एक रेघ मारणार आहे, ती खालून वाचता येईल अशी, आणि तिच्याखाली हा कागद चिकटवणार आहे. मेच्या जेवणांना मी माणसं जमवणार नाही हेही सांगितलंय. माझं पुढे काय होईल त्याची काळजी तू करू नयेस, ते या पत्राचं कारण नाही.

कारण हे आहे. निघताना मी मावशीला विचारलं होतं की रविवारी व्याह्यांसमोर हे सगळं उघडं झालं तर अपेक्षाचं कसं होईल. ती म्हणाली, व्याह्यांका मीच न्हेतलंय थंय आणि मीच दाखवतलंय. अपेक्षाक तू सांग, माज्या तोंडातसून तिका कळाक नको. तिका नको झाला तर तिना पाव्हण्यांका विजयदुर्गाक न्हेवचा. पण पाटी लागतली. म्हणून लिहिते आहे. तुझ्या हातात शुक्रवार आणि शनिवार आहे. निलेशला एक फोन केलास तर गाडी विजयदुर्गाला वळेल, त्याला कारण सांगायची गरज नाही, आणि मी तुझ्याबद्दल वेगळं काही मानणार नाही. आलात तर मी दारात असेन, मावशीच्या मागे उभी राहीन, आणि कोणी विचारलं की प्रिन्सी कोण, तर हात वर करीन. तुझा फोन आला तर या वेळी उचलीन. दुसऱ्या पानावर, तुझी आई फाटकातून आली त्या ओळींत, तुला एक शब्द खोडलेला दिसेल. तिथे मी आधी लिहिलं होतं की जेवणाचं नाव मी तिला 'घाईत' सांगितलं नाही. घाई होती. पण मी तिला बोलावायला धावत गेले तेव्हाच मला ठाऊक होतं की सांगितलं तर ती बसणार नाही, आणि अकरावं पान रिकामं राहील.

अजून तरी तुझीच,
प्रिन्सी